शत्रूच्या लेकरांसाठी झिजलेले आयुष्य : एमिली हॉबहाऊस

दक्षिण आफ्रिकेतील ब्लूमफाँटेन शहराच्या वेशीवर सुमारे पस्तीस मीटर उंचीचा एक दगडी स्तंभ उभा आहे. युद्धस्मारके बहुधा सेनापतींची असतात. हे मात्र युद्धकाळात छावण्यांमध्ये मृत्युमुखी पडलेल्या स्त्रियांचे व मुलांचे आहे. त्यांना तेथे डांबणारे सरकार ब्रिटिश होते, आणि त्याच स्तंभाच्या पायथ्याशी आदराने जतन केलेल्या अस्थीही एका ब्रिटिश स्त्रीच्या आहेत. तिचे नाव एमिली हॉबहाऊस.

एमिली यांचा जन्म ९ एप्रिल १८६० रोजी इंग्लंडमधील कॉर्नवॉल परगण्यातील सेंट आइव्ह या खेड्यात झाला. वडील तेथील चर्चचे धर्मगुरू होते. त्या विशीत असताना मातृछत्र हरपले आणि पुढची पंधरा वर्षे आजारी वडिलांच्या शुश्रूषेत गेली. १८९५ मध्ये वडील निवर्तल्यावर त्यांनी अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात जाऊन कॉर्नवॉलहून गेलेल्या खाणकामगारांमध्ये सेवाकार्य केले. तेथे ठरलेला विवाह मोडला आणि १८९८ मध्ये त्या मायदेशी परतल्या. त्यांचे काका लॉर्ड आर्थर हॉबहाऊस हे एके काळी हिंदुस्थानात व्हाइसरॉयच्या मंडळाचे कायदेविषयक सदस्य होते. काका-काकूंच्या घरी त्यांना सार्वजनिक प्रश्नांवर निर्भीडपणे विचार करण्याचे वळण लाभले.

ऑक्टोबर १८९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत ब्रिटिश साम्राज्य आणि डच वंशाचे बोअर यांच्यात युद्ध पेटले. बोअरांची नगरे पडली तरी त्यांचे घोडेस्वार गनिमी काव्याने लढत राहिले. त्यांची रसद तोडण्यासाठी ब्रिटिश सैन्याने सुमारे तीस हजार शेतघरे जाळली, उभी पिके व गुरेढोरे नष्ट केली, आणि निराधार झालेल्या बायकामुलांना माळरानावरील तंबूंच्या छावण्यांत आणून ठेवले. ही वार्ता कानी येताच एमिली यांनी या पीडितांसाठी मदतनिधी उभारला. पण दूर बसून पैसे पाठविण्यात त्यांचे समाधान होईना. ७ डिसेंबर १९०० रोजी त्यांनी इंग्लंडचा किनारा सोडला.

लष्करी अधिकाऱ्यांनी त्यांना ब्लूमफाँटेनच्या पलीकडे जाण्यास मनाई केली. अन्न, कपडे व औषधे घेऊन २४ जानेवारी १९०१ रोजी त्या तेथे पोहोचल्या. एकेका तंबूत अनेक माणसे कोंबलेली, कडक ऊन, अपुरे सरपण आणि नदीचे गढूळ पाणी. ज्यांचे पुरुष अद्याप रणांगणावर होते त्या कुटुंबांना शिधाही इतरांपेक्षा कमी मिळे. अंग धुण्यास साबण नव्हता. तो अधिकाऱ्यांच्या लेखी चैनीची वस्तू होता. एमिली यांनी मोठमोठी भाषणे केली नाहीत. त्यांनी साबण मागितला, पाणी उकळण्याची भांडी मागितली, सरपण मागितले. गोवर आणि विषमज्वर फैलावत असताना जीव याच साध्या वस्तूंवर अवलंबून आहेत, हे त्यांनी ओळखले होते.

त्या इतर छावण्यांतूनही फिरल्या. स्प्रिंगफाँटेन येथे एक माता मांडीवर मरणोन्मुख बालक घेऊन बसलेली त्यांनी पाहिली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हते, तोंडून शब्द नव्हता. हे दृश्य त्यांच्या मनावरून कधीच पुसले गेले नाही. ब्लूमफाँटेनला परत येऊन पाहतात तो छावणीतील माणसांची संख्या जवळजवळ दुप्पट झालेली. एका बाईच्या सेवेने हे भागणार नाही, देशातील जनतेलाच जागे केले पाहिजे, असा निश्चय करून त्या मे १९०१ मध्ये मायदेशी निघाल्या.

जूनमध्ये त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. आपण कोठे गेलो, काय पाहिले, कोणत्या स्त्रीने काय सांगितले, याची ती साधी नोंद होती. पण तिने इंग्लंड हादरले. विरोधी पक्षनेते कॅम्पबेल-बॅनरमन यांनी या युद्धपद्धतीला रानटी ठरविले. दुसरीकडे वृत्तपत्रांनी एमिली यांना देशद्रोही म्हटले, व्याख्यानांसाठी सभागृहे मिळेनाशी झाली, अनेक परिचितांनी पाठ फिरविली. सरकारने मिलिसेंट फॉसेट यांच्या अध्यक्षतेखाली स्त्रियांची चौकशी समिती नेमली, परंतु जिने वाचा फोडली तिलाच त्यातून वगळले. ऑक्टोबर १९०१ मध्ये एमिली पुन्हा केपटाउनला पोहोचल्या, तेव्हा त्यांना जहाजावरून उतरू दिले नाही. स्वतःहून परत जाण्यास नकार देताच सैनिकांनी त्यांना उचलून दुसऱ्या जहाजावर नेले आणि इंग्लंडला धाडून दिले.

त्याच ऑक्टोबर महिन्यात छावण्यांतील मृत्यूचे प्रमाण वर्षाला दर हजारी ३४४ इतके भयंकर झाले होते. फॉसेट समितीलाही एमिली यांच्या म्हणण्यात तथ्य आढळले. छावण्यांचा कारभार लष्कराकडून मुलकी अधिकाऱ्यांकडे गेला, सुधारणा झाल्या आणि पुढील काही महिन्यांत मृत्यू झपाट्याने घटले. मात्र ३१ मे १९०२ रोजी तह होईपर्यंत सुमारे २८ हजार बोअर छावण्यांत दगावले होते. त्यांतील बावीस हजारांहून अधिक सोळा वर्षांखालील मुले होती. कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या छावण्यांतही किमान चौदा हजार माणसे मरण पावली. तेथे एमिली स्वतः जाऊ शकल्या नव्हत्या आणि त्या मृतांची दखल जगाने फार उशिरा घेतली.

युद्ध संपले तरी त्यांचे काम संपले नाही. उद्ध्वस्त घरांतील मुलींच्या हाताला काम मिळावे म्हणून १९०५ पासून त्यांनी तेथे सूतकताई व विणकामाच्या शाळा सुरू केल्या. ब्लूमफाँटेनच्या स्मारकासाठी शिल्पकार व्हॅन वोव यांनी स्प्रिंगफाँटेनच्या त्या मातेचे दृश्य साकारले. १६ डिसेंबर १९१३ रोजी स्मारकाचे अनावरण झाले, पण प्रकृती ढासळल्याने एमिली यांना वाटेतूनच मागे फिरावे लागले. त्यांचे भाषण तेथे वाचून दाखविण्यात आले. त्यात त्यांनी बोअरांना क्षमेचे आवाहन केले आणि या भांडणाशी संबंध नसताना मेलेल्या हजारो कृष्णवर्णीयांचीही आठवण करून दिली.

त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांचा सत्याग्रह ऐन भरात होता. एमिली यांनी जनरल स्मट्स यांच्याशी असलेल्या स्नेहाचा उपयोग करून गांधीजींच्या बाजूने रदबदली केली. १९१४ मधील समझोत्याचा मार्ग सुकर करण्यात त्यांचाही वाटा होता. गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहाच्या इतिहासात त्यांचा आदराने उल्लेख केला आहे.

पहिल्या महायुद्धातही त्या डगमगल्या नाहीत. १९१६ मध्ये त्या शांततेचा मार्ग शोधीत जर्मनीत गेल्या आणि पुन्हा स्वदेशीयांच्या रोषास पात्र ठरल्या. युद्धानंतर जर्मनीतील लाइपझिग शहरातील उपाशी मुलांना अन्न पुरविण्यासाठी त्यांनी निधी उभा केला. कालची शत्रूची मुलेही त्यांच्या लेखी मुलेच होती.

८ जून १९२६ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले. मायदेशाने त्यांच्या जाण्याची फारशी दखल घेतली नाही. दक्षिण आफ्रिकेत मात्र त्यांच्या अस्थी मोठ्या सन्मानाने नेण्यात आल्या आणि ज्यांच्यासाठी त्या झिजल्या, त्या स्त्रिया व मुलांच्या स्मारकातच विसावल्या.

परक्याने केलेल्या अन्यायाविरुद्ध बोलणे सोपे असते. आपल्याच माणसांच्या हातून घडणारा अन्याय त्यांच्यासमोर मांडणे कठीण, आणि तो द्वेषाविना मांडणे त्याहून कठीण. एमिली हॉबहाऊस यांनी ते केले. त्यासाठी त्यांच्यापाशी सत्ता नव्हती, सैन्य नव्हते. होती ती डोळ्यांनी पाहिलेल्या सत्याची नोंद, आणि तंबूतल्या लेकरांसाठी मागितलेली साबणाची वडी.