पंडिता रमाबाई : धर्मांतरापासून श्रद्धेपर्यंत

धर्म स्वीकारला, की श्रद्धा आपोआप लाभते, असा सर्वसाधारण समज असतो. पंडिता रमाबाईंचे (1858-1922) जीवन या दोहोंमधील अंतर दाखवून देते.

अनंतशास्त्री डोंगरे यांच्या या विदुषी कन्येला 1878मध्ये कोलकात्यात 'सरस्वती' ही पदवी मिळाली. वैधव्यानंतर त्या इंग्लंडला गेल्या आणि 29 सप्टेंबर 1883 रोजी वॉन्टेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तथापि, त्यांनी आपली बुद्धी चर्चकडे गहाण ठेवली नाही. त्रैक्याच्या सिद्धांतावर त्यांनी तेथील धर्माधिकाऱ्यांशी निर्भीड वाद घातला. जे मनाला पटत नाही, ते केवळ आज्ञा म्हणून मानण्यास त्या तयार नव्हत्या.

1889मध्ये मुंबईत 'शारदा सदन' सुरू केल्यानंतर, 1891च्या सुमारास त्यांना उमगले, की आपण ख्रिस्ती धर्म पत्करला खरा, पण ख्रिस्त अद्याप गवसलेला नाही. तेव्हापासून श्रद्धा ही त्यांच्या लेखी मताला दिलेली संमती राहिली नाही. ते संपूर्ण समर्पण झाले.

त्याची किंमतही त्यांनी मोजली. सदनातील मुली त्यांच्या प्रार्थनेस बसू लागल्या, म्हणून 1893मध्ये न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर आदी सुधारक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. रमाबाई डगमगल्या नाहीत. 1896-97च्या दुष्काळात त्यांनी सुमारे 300 निराधार मुली-स्त्रियांना केडगावी आश्रय दिला.

अखेरची वर्षे त्यांनी हिब्रू व ग्रीकमधून सुबोध मराठीत बायबल आणण्यात वेचली. 1921मध्ये कन्या मनोरमा गेली. तरीही लेखणी थांबली नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्यांनी देह ठेवला. प्रश्न विचारणारी बुद्धी आणि निःशेष विश्वास एकाच अंतःकरणात नांदू शकतात, याची साक्ष त्यांचे जीवन देते.