‘फकिरा’ : प्रचारकी कादंबरी की अस्सल साहित्य?

अण्णा भाऊ साठे यांचा जन्म १९२० सालचा, वाटेगावचा. शाळा जेमतेम दीड दिवस. मुंबईत गिरणीत राबले, लाल बावट्याचे शाहीर झाले. म्हणूनच त्यांच्या कादंबऱ्यांवर ‘प्रचारकी’ असा शिक्का बसला.

१९५९ साली ‘फकिरा’ आली. प्रस्तावना वि. स. खांडेकरांची, अर्पणपत्रिका बाबासाहेबांच्या लेखणीला. १९६१ साली राज्य सरकारचा पुरस्कारही मिळाला. तरी समीक्षकांनी अण्णा भाऊंना बराच काळ लांबच ठेवलं.

पण फकिरा नुसत्या घोषणा देत नाही. तो उपाशी माणसांसाठी धान्य लुटतो आणि त्यांच्याच सुटकेसाठी इंग्रजांच्या स्वाधीन होतो. हा पेच प्रचाराचा नाही, माणसाचा आहे.

१९६९ साली अण्णा भाऊ गेले. ‘फकिरा’ मात्र आजही वाचली जाते.