ऐरणीवर घडलेला विद्यार्थी : हेन्री मॉडस्ले

(द्वितीय वर्ष, कला)

इतिहासाच्या तासाला औद्योगिक क्रांती शिकताना आपण जेम्स वॉटचे वाफेचे इंजिन पाठ करतो, सूत कातण्याच्या यंत्रांची नावे पाठ करतो, सनावळ्या लिहितो आणि गुण मिळवतो. पण एक साधा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. ही यंत्रे प्रत्यक्ष घडवली कोणी? कल्पना कोणाची होती, हा प्रश्न वेगळा. तांबडेलाल लोखंड ऐरणीवर धरून, ते ठोकून, कानसून, केसभरही चूक राहू न देता ती कल्पना उभी कोणी केली? यंत्र करायचे तर हत्यारे लागतात आणि ती हत्यारे करायलाही हत्यारेच लागतात. या साखळीच्या पहिल्या कड्या ज्या थोड्या माणसांनी घडवल्या, त्यांत हेन्री मॉडस्ले याचे नाव फार वरचे आहे. त्याने महाविद्यालयाची पायरी कधी चढली नाही. लोहाराचा भाता हीच त्याची शाळा.

हेन्रीचा जन्म 22 ऑगस्ट 1771 रोजी लंडनजवळच्या वुलिच गावी झाला. वडिलांचे नावही हेन्रीच. ते सैन्यात गाड्यांची चाके करणारे सुतार होते. लढाईत जखमी झाल्यावर त्यांना वुलिचच्या सरकारी शस्त्रागारात भांडारावर नोकरी मिळाली. घरात सात मुले, त्यांत हा पाचवा. 1780 साली वडील वारले तेव्हा हेन्री जेमतेम नऊ वर्षांचा होता. बाराव्या वर्षी तोही शस्त्रागारात कामाला लागला. काम कोणते, तर काडतुसांत दारू भरण्याचे. आज आपण ज्या वयात सहावी-सातवीच्या वर्गात असतो, त्या वयात तो दारूने काळ्या झालेल्या हातांनी पगार मिळवत होता.

दोन वर्षांनी त्याला सुतारकामाच्या खात्यात घातले. पण त्याचे मन रंध्यात रमेना. शेजारीच लोहारकामाचे खाते होते. तिथला भाता, ठिणग्या आणि घणाचा ठेका यांकडे त्याचे लक्ष लागलेले असे. अखेर पंधराव्या वर्षी त्याला तिकडे पाठवण्यात आले आणि त्याचे खरे शिक्षण सुरू झाले.

लोहारकाम म्हणजे केवळ अंगमेहनत, असा आपल्यापैकी पुष्कळांचा समज असतो. ज्यांच्या गावात अजून लोहाराचे घर आहे, त्यांना हे खरे नाही हे ठाऊक असेल. लोखंड किती तापले हे लोहाराला रंगावरून ओळखावे लागते. थोडे कमी तापले तर ते घणाला दाद देत नाही. जास्त तापले तर जळते आणि वाया जाते. दोन तुकडे एकजीव करायचे तर ते ऐन वेळी भट्टीतून काढून, निववू न देता, चार घावांत जोडावे लागतात. पोलादाच्या हत्याराला पाणी देणे हे तर त्याहून नाजूक काम. लाल तापवून पाण्यात बुडवले की पोलाद कठीण होते, पण काचेसारखे ठिसूळही होते. म्हणून ते पुन्हा हलकेच तापवायचे. त्यावर आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा आणि शेवटी निळा रंग चढत जातो. कोणत्या हत्याराला कोणत्या रंगावर थांबवायचे, हे ज्याला समजले त्याला धंदा समजला. यांतले काहीच पुस्तक वाचून येत नाही. डोळा, हात आणि धीर हे तीन गुरू.

हेन्रीला हे तिन्ही लाभले. अवजड कामापेक्षा लहान, नाजूक आणि घडवायला अवघड अशा कामात त्याचा हात विशेष चाले. चुलीवर भांडे ठेवण्याच्या लोखंडी तिवया तो अशा सफाईने ठोकी की, जुने जाणते कारागीर हातातले काम थांबवून पाहायला जमत, असे त्याच्या चरित्रकारांनी नमूद केले आहे. कानशीवरही त्याची तशीच हुकमत होती. हळूहळू त्या पोराचे नाव शस्त्रागाराच्या भिंतींबाहेर गेले.

त्याच सुमारास लंडनमध्ये जोसेफ ब्रामा नावाचा एक कल्पक कारखानदार अडचणीत सापडला होता. त्याने 1784 साली एका नव्या कुलपाचे पेटंट घेतले होते. कुलूप उत्तम होते, पण त्याचे बारीक भाग इतके काटेकोर असावे लागत की हाताने करताना वेळ फार जाई आणि किंमत भलतीच वाढे. ब्रामाच्या एका कामगाराने वुलिचच्या पोराचे नाव सुचवले. ब्रामाने त्याला बोलावून घेतले आणि पाहतो तो समोर अठरा वर्षांचा मुलगा!

इथे खरी अडचण उभी राहिली. 1563 च्या कायद्यापासून इंग्लंडमध्ये कोणताही कसबी धंदा करायचा तर सात वर्षांची रीतसर उमेदवारी पुरी करावी लागे. हेन्रीजवळ तसा कागद नव्हता. त्याला कारागीर म्हणून घेतले तर बाकीचे हरकत घेतील, असे ब्रामाला वाटले. कागद नसेल तर हातातली कला फुकट का, असा हा पेच होता. तो सोडवला हेन्रीनेच. दुकानात बाकाला लावलेला एक जुना, झिजलेला शेगडा होता. वस्तू घट्ट पकडण्याच्या या साधनाचे दोन्ही जबडे गुळगुळीत होऊन निकामी झाले होते. संध्याकाळचे सहा वाजायच्या आत हा शेगडा नव्यासारखा करून दिला, तर मला इतरांच्या बरोबरीने घ्याल का, अशी त्याने विचारणा केली. ब्रामा आणि त्याचा मुकादम कबूल झाले.

हेन्रीने कोट काढून ठेवला. जबड्यांना भट्टीत पोलाद जोडले, कानसून आकार दिला, पकड बसावी म्हणून दाते पाडले, पाणी देऊन ते कठीण केले आणि जोडणी करून सबंध शेगडा घासूनपुसून लख्ख केला. सहा वाजले नव्हते तोच काम तयार होते. कारागिरांनी ते हातात घेऊन पाहिले आणि कोणाचीच हरकत उरली नाही. परीक्षा म्हणतात ती ही! प्रश्नपत्रिका त्यानेच काढली आणि उत्तर सगळ्यांच्या देखत सोडवले.

ब्रामाकडे त्याने केवळ कुलपे केली नाहीत, तर कुलपे करण्यासाठी लागणारी हत्यारे आणि यंत्रे घडवली. पूर्वी जे अचूकपण एखाद्या निष्णात माणसाच्या बोटांत असे, ते आता हत्यारातच उतरले. त्या काळातले एक कुलूप ब्रामाने पिकॅडिलीच्या दुकानात काचेमागे मांडले आणि ते उघडणाऱ्यास दोनशे गिनी देण्याचे जाहीर केले. साठ वर्षांहून अधिक काळ कोणालाही ते साधले नाही. शेवटी 1851 च्या लंडनमधील महाप्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज नावाच्या अमेरिकन कुलूपतज्ज्ञाने ते उघडले, पण त्यासाठी त्याला अनेक दिवस मिळून सुमारे एकावन्न तास झगडावे लागले. आज ते कुलूप लंडनच्या विज्ञान संग्रहालयात आहे.

1791 साली मॉडस्लेने ब्रामाच्या घरी काम करणाऱ्या सारा टिंडेल हिच्याशी विवाह केला. तो कारखान्याचा प्रमुख झाला, संसार वाढला, मुले झाली. पगार मात्र आठवड्याला तीस शिलिंगांच्या पुढे सरकेना. 1797 साली त्याने वाढ मागितली आणि ब्रामाने ती साफ नाकारली. ज्याच्या हातांवर कारखाना उभा होता, त्याला चार शिलिंग वाढवून देणे मालकाला जड गेले! मॉडस्लेने नोकरी सोडली आणि ऑक्सफर्ड स्ट्रीटजवळ वेल्स स्ट्रीटवर एक लहानसे दुकान थाटले. कलाशाखेच्या विद्यार्थ्यांना मौज वाटेल अशी गोष्ट म्हणजे त्याचे पहिले गिऱ्हाईक एक चित्रकार होता. चित्राचा फलक ठेवण्याच्या मोठ्या घोडीचे लोखंडी काम त्याला करून हवे होते.

याच काळात मॉडस्लेने आपले सर्वांत मोठे काम केले. ते दिसायला अगदी साधे आहे. स्क्रू, म्हणजे आपले मळसूत्र! त्या वेळी प्रत्येक स्क्रूचे आटे निराळे असत. एका बोल्टचा नट दुसऱ्याला बसत नसे, म्हणून यंत्र खोलताना जोड्यांवर खुणा कराव्या लागत आणि त्या चुकल्या की सगळाच घोटाळा होई. बरे, लेथवर काम करणारा कारागीर पटाशीसारखे हत्यार हातात धरून फिरत्या धातूवर दाबी. हात थरथरला की काम बिघडले. मॉडस्लेने हत्यार माणसाच्या हातातून काढून लोखंडी सरकत्या बैठकीत घट्ट बसवले. ती बैठक एका लांब स्क्रूच्या साह्याने पुढे सरके आणि दात्यांची चाके बदलली की हव्या त्या मापाचे आटे पाडता येत. ही कल्पना त्याच्या आधी काहींना सुचली होती. परंतु ती भक्कम लोखंडात उतरवून रोजच्या कामाची करणारा हा होता. 1800 च्या सुमारास हा लेथ सिद्ध झाला.

पण अचूक स्क्रू पाडायला आधी एक अचूक स्क्रू हवा. तो कुठून आणायचा? मॉडस्लेने एक धारदार पाते ठरावीक कोनात तिरपे बसवले आणि ते लाकडाच्या किंवा मऊ धातूच्या फिरत्या दांड्यावर दाबले. पात्याने आपोआप नागमोडी रेषा कोरत नेली. त्यांतून उत्तम निघाले ते निवडायचे, त्यावरून दुसरे करायचे, दोष काढायचे आणि पुन्हा तिसरे करायचे. असे करत त्याने पाच फूट लांब आणि दोन इंच जाड असा एक स्क्रू केला, ज्यावर दर इंचाला पन्नास आटे होते. त्याच्या बारा इंची नटात सहाशे आटे होते!

त्याच्या दुकानातील असे काम एका फ्रेंच गृहस्थाने पाहिले आणि मार्क ब्रुनेल या अभियंत्याला त्याचा पत्ता दिला. ब्रुनेल नकाशे घेऊन आला, पण यंत्र कशासाठी हे त्याने गुप्त ठेवले. दोन-तीन भेटींत नकाशे पाहून मॉडस्लेने ओळखले की ही जहाजांच्या कप्प्या करण्याची यंत्रे आहेत. शिडाच्या एका मोठ्या युद्धनौकेला अशा सुमारे हजार लाकडी कप्प्या लागत. 1802 पासून काही वर्षांत मॉडस्लेने पंचेचाळीस यंत्रे घडवली आणि पोर्ट्समथच्या गोदीत ती बसली. 1808 साली त्यांवर एक लाख तीस हजार कप्प्या निघाल्या. पूर्वी एकशेदहा कारागिरांना लागणारे काम आता दहा साधी माणसे करू लागली.

हा आकडा वाचून आपण टाळी वाजवतो. पण उरलेल्या शंभर कारागिरांचे काय, हा प्रश्न मनातून जात नाही. त्यांच्याही बोटांत वर्षानुवर्षांची कला होती. यंत्राने गावोगावच्या कारागिरांचे काय केले, हे आपल्याला शिकवावे लागत नाही. एका कसबी लोहाराने घडवलेल्या यंत्रांनी दुसऱ्या कसबी माणसांची गरज संपवावी, हा या चरित्रातला सल आहे. तो लपवून मॉडस्लेची थोरवी सांगता येणार नाही. मात्र याची दुसरी बाजूही आहे. अचूकपणा जोवर मोजक्या बोटांत होता, तोवर तो त्या बोटांबरोबर मरत असे. मॉडस्लेने तो हत्यारात साठवला आणि मग वाटून टाकला.

वाटून टाकला, हे शब्दशः खरे आहे. 1810 मध्ये तो लॅम्बेथ येथील मोठ्या कारखान्यात गेला. तिथे कामगारांच्या बाकांवर त्याने अगदी सपाट केलेले धातूचे पाट ठेवले, म्हणजे प्रत्येकाला आपले काम त्यावर पारखता यावे. स्वतःजवळ इंचाचा दहाहजारावा भाग दाखवणारे मापनयंत्र ठेवले. त्याला तो गमतीने लॉर्ड चॅन्सेलर म्हणे, कारण त्याच्या निकालावर अपील नव्हते! क्लेमेंट, रॉबर्ट्स आणि व्हिटवर्थ हे पुढे नावाजलेले यंत्रकार त्याच्याच हाताखाली तयार झाले. सर्व देशाला एकाच मापाचे आटे असावेत, ही योजना 1841 साली मांडणारा तो हाच व्हिटवर्थ.

1829 मध्ये जेम्स नॅस्मिथ नावाचा वीस वर्षांचा तरुण एडिंबरोहून आला. मॉडस्लेने शिकाऊ मुले घेणे बंद केले होते, कारण फी भरून येणाऱ्या पोरांचा त्याला वाईट अनुभव होता. पण नॅस्मिथने स्वतःच्या हातांनी केलेले छोटे वाफेचे इंजिन आणि नकाशे पुढे ठेवले. मॉडस्लेने ते निरखून पाहिले आणि त्याला आपला खास मदतनीस करून घेतले. तुझ्याजवळ कोणता दाखला आहे, हे त्याने विचारले नाही. झिजलेल्या शेगड्याची ती संध्याकाळ तो विसरला नसावा. या नॅस्मिथनेच पुढे 1839 साली वाफेच्या घणाची आखणी केली. लोहाराच्या शिष्याने लोहाराचा घण राक्षसाएवढा केला!

मॉडस्ले शेवटपर्यंत लोहार राहिला. कारखान्याचा मालक झाल्यावरही कानस किंवा हातोडा हाती घेऊन बाकापाशी उभे राहण्यात त्याला आनंद वाटे. एका मित्राला भेटायला तो फ्रान्सला गेला होता. परतताना थंडी बाधली आणि 14 फेब्रुवारी 1831 रोजी त्याचा अंत झाला. ज्या वुलिचमध्ये तो दारूची काडतुसे भरत होता, तिथेच त्याला पुरले. त्याचे थडगे संगमरवराचे नव्हते, बिडाच्या लोखंडाचे होते.

आपण पदवीसाठी शिकतो, आणि ते योग्यच आहे. ज्यांच्या घरात आजवर कोणी कॉलेजात गेले नव्हते, त्यांना त्या कागदाची किंमत निराळी सांगावी लागत नाही. पण मॉडस्लेची गोष्ट एवढे बजावते की कागद म्हणजे हत्यार नव्हे. भाषा, विचार, वाचन ही आपली हत्यारे. दुसऱ्याच्या टिपणांवर ती घडत नाहीत. ती आपली आपणच तापवायची, ठोकायची आणि त्यांना पाणी द्यायचे. उद्या कोणीतरी आपल्यासमोर एक झिजलेला शेगडा ठेवील आणि सहा वाजेपर्यंतची मुदत देईल. तेव्हा गुणपत्रिका खिशातच राहील आणि हातांना उत्तर द्यावे लागेल.