सर फ्रेडरिक बँटिंग

नोव्हेंबर महिन्याच्या १४ तारखेस आपण शाळेंत बालदिन साजरा करतों. त्याच दिवशीं सर्व जगांत मधुमेहदिनहि पाळला जातो, हें मात्र थोड्याच बालवाचकांस ठाऊक असेल. फ्रेडरिक बँटिंग या डॉक्टरांचा तो जन्मदिवस होय.

बँटिंग १८९१ सालीं कॅनडा देशांतील अॅलिस्टन गांवाजवळ एका शेतकऱ्याच्या घरीं जन्मले. पांच भावंडांत ते शेंडेफळ. हुशार म्हणून गाजलेले असे ते विद्यार्थी नव्हते. टोरांटो विद्यापीठांत पहिल्याच वर्षीं त्यांना अपयश आलें व नंतर ते वैद्यकाकडे वळले. पहिल्या महायुद्धांत, १९१८ सालीं, कांब्रेच्या लढाईंत त्यांच्या हातास जखम झाली, तरी ते इतर जखमींची शुश्रूषा करीत राहिले. १९२० सालीं त्यांनीं दवाखाना उघडला, तो लंडन नांवाच्या शहरीं. हें लंडन इंग्लंडांतील नव्हे, कॅनडांतीलच. पहिल्या महिन्याची कमाई अवघी चार डॉलर!

त्या काळीं मुलास मधुमेह जडला म्हणजे आईबापांची आशाच खुंटे. स्वादुपिंडांतून रक्तांत मिसळणारा एक रस आटला, कीं शरीरास साखरेचा उपयोग करतां येत नाहीं. अमेरिकेंतील डॉ. अॅलन अशा रोग्यांस अर्धपोटीं ठेवीत; त्यानें मरण लांबे, टळत नसे. आपल्याकडे मेथ्या, कारल्याचा रस, जांभळाच्या बियांचें चूर्ण हे उपाय घरोघर ठाऊक आहेत, आणि आज तेच पदार्थ सुबक बाटल्यांतून विकलेहि जातात. थोरांच्या सौम्य मधुमेहांत त्यांचा थोडाफार उपयोग होवो वा न होवो. ज्या मुलाच्या अंगांतील तो रसच नाहींसा झाला, त्यास यांतील एकहि वस्तु वांचवूं शकत नाहीं. बँटिंग यांच्या कार्याची थोरवी कळण्यास पालकांनीं एवढें ध्यानांत घ्यावें.

१९२० च्या ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस, एका व्याख्यानाची तयारी करीत असतां, स्वादुपिंडाविषयीं एक लेख त्यांच्या वाचनांत आला. त्या रात्रीं झोंप लागेना. मध्यरात्रीनंतर उठून त्यांनीं वहींत एक कल्पना टिपून ठेविली: स्वादुपिंडाची नळी बांधून पाचकरस बंद करावा व मग हवा असलेला रस काढावा. टोरांटोचे प्राध्यापक मॅक्लाउड यांचा प्रथम विश्वास बसला नाहीं. तरी त्यांनीं प्रयोगशाळेंत जागा, दहा कुत्रे व चार्ल्स बेस्ट नांवाचा तरुण मदतनीस दिला. १९२१ चा तो उन्हाळा दोघांनीं उकाड्यांत घालविला. पुष्कळ कुत्रे मेले. वाचतांना मन कष्टी होतें. नळी बांधण्याची जरुरी नव्हती, हें मागाहून कळलें, कारण खाटिकखान्यांतून आणलेल्या गुरांच्या स्वादुपिंडांतूनहि तो रस निघूं लागला. चुकीच्या वाटेनें ते योग्य ठिकाणीं पोहोंचले होते!

११ जानेवारी १९२२ रोजीं लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या, केवळ ६५ पौंड वजनाच्या मुलास तो रस टोंचण्यांत आला. गुण असा आला नाहीं. उलट टोंचल्या जागीं गळूं झालें. तेव्हां कॉलिप या रसायनज्ञांनीं रात्रंदिवस खपून रस शुद्ध केला. २३ तारखेस पुन्हां टोंचला, आणि रक्तांतील साखर झपाट्यानें उतरली. हेंच इन्सुलिन. पोटांत घेतलें तर तें पचून जातें, म्हणून बहुधा टोंचून घ्यावें लागतें.

बँटिंग यांचा स्वभाव तापट होता. १९२३ सालीं नोबेल पारितोषिक त्यांना व मॅक्लाउड यांना मिळालें, तेव्हां बेस्टचें नांव वगळलेलें पाहून ते संतापले व आपल्या रकमेचा अर्धा वांटा त्यांनीं बेस्टला दिला. मॅक्लाउड यांनींहि आपला अर्धा वांटा कॉलिप यांना दिला. इन्सुलिनचे हक्क विकून अमाप द्रव्य जोडतां आलें असतें. बँटिंग, बेस्ट व कॉलिप यांनीं ते प्रत्येकीं एक डॉलर घेऊन विद्यापीठास देऊन टाकले.

१९३४ सालीं बँटिंग यांना सर ही पदवी मिळाली. १९४१ च्या फेब्रुवारींत, युद्धकार्यासाठीं इंग्लंडला जात असतां, न्यूफाउंडलंड येथें विमान कोसळून त्यांचा अंत झाला. १९२२ सालीं एलिझाबेथ ह्यूज नांवाची ४५ पौंड वजनाची एक मुलगी त्यांच्याकडे उपचारासाठीं आली होती. ती त्यांच्या मागें चाळीस वर्षें जगली, १९८१ सालापर्यंत.