अंगणातून कुरणापर्यंत : ताराबाई मोडक

आदिलाबाद जिल्ह्यात, पैनगंगेच्या अलीकडच्या गावांत मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी आणि बंजारा या भाषा शेजारी शेजारी नांदतात. घरोघरी बोली निराळी असली तरी तीन ते सहा वर्षांचे मूल सकाळी जिथे जाते त्या जागेचे नाव सर्वांच्या तोंडी एकच आहे : अंगणवाडी. तेलंगणाच्या सरकारी कागदपत्रांतही हा शब्द तसाच रूढ आहे. तो प्रथम कामात उतरला तो अरबी समुद्राच्या काठी, बोर्डी या गावी. तो रुजविणाऱ्या ताराबाई मोडक यांचे ३१ ऑगस्ट १९७३ रोजी निधन झाले. त्यांच्या नावाची ओळख आज फारशी उरलेली नाही. मात्र दुसऱ्याची मुले सांभाळणाऱ्या प्रत्येक बाईपुढे उभा राहणारा एक प्रश्न त्यांनी आयुष्यभर हाताळला. सांभाळायला दिलेले मूल चार भिंतींबाहेर न्यायचे की नाही, न्यायचे तर कुठे, किती दूर आणि कशासाठी, हा तो प्रश्न होय.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरचे आडनाव केळकर. घरात प्रार्थना समाजाचे सुधारकी वातावरण होते. मुलींनी शाळेत जाणे हीच जेथे नवलाची गोष्ट होती, त्या काळात त्या १९१४ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढे अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या वऱ्हाडात आल्या. संसार मात्र फार काळ टिकला नाही. १९२१ मध्ये पतिपत्नी विभक्त झाली. लहान मुलीला बरोबर घेऊन, स्वतःच्या मिळकतीवर जगण्याचा निर्णय ताराबाईंनी घेतला. त्या काळच्या समाजात अशा स्त्रीला केवढे बोल ऐकावे लागत असतील, याची कल्पना करणे कठीण नाही.

राजकोट येथील बार्टन ट्रेनिंग कॉलेजात मुख्याध्यापिकेची मानाची जागा त्यांना मिळाली. पगार चांगला होता, प्रतिष्ठाही होती. परंतु स्वतःच्या मुलीच्या शिक्षणाचा विचार करता करता त्यांचे लक्ष भावनगरकडे वळले. तेथे दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका नावाचे एक माजी वकील मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीने बालमंदिर चालवीत होते. छडी नाही, पाठांतराची सक्ती नाही, शिक्षा आणि बक्षीस दोन्ही नाहीत, असे ते बालमंदिर टेकडीवर उभे होते. १९२३ च्या सुमारास ताराबाई राजकोटची नोकरी सोडून गिजुभाईंच्या कामात सामील झाल्या. १९२६ मध्ये दोघांच्या पुढाकाराने नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. १९३३ मध्ये शिक्षणपत्रिकेची मराठी आवृत्ती निघू लागली आणि मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे, हा विचार मराठी घरांत पोहोचू लागला.

१९३६ मध्ये ताराबाई मुंबईस परतल्या आणि दादरला शिशुविहार सुरू झाला. बालशिक्षिकांच्या प्रशिक्षणाचीही सोय तेथे करण्यात आली. १९३९ मध्ये गिजुभाई गेले. दोघांनी मिळून उचललेला भार आता मुख्यतः ताराबाईंच्या खांद्यांवर आला. शिशुविहार नावारूपास येत होता, पालकांची मागणी वाढत होती. तरीही ताराबाईंच्या मनाला एक गोष्ट सलत राहिली. माँटेसरी पद्धतीची साधने महाग होती. ती शहरातील मध्यमवर्गाच्या मुलांपर्यंत पोहोचत होती आणि देशातील बहुसंख्य मुले तर खेड्यांत होती. महात्मा गांधींच्या विचारांनीही ग्रामीण बालशिक्षणाची हीच निकड पुढे आणली होती.

१९४५ च्या अखेरीस, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, ताराबाईंनी डहाणू तालुक्यातील बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. त्यांच्यासोबत होत्या अनुताई वाघ. तेराव्या वर्षी विवाह आणि अवघ्या काही महिन्यांत वैधव्य आलेल्या अनुताईंनी शिक्षिका म्हणून आयुष्य उभे केले होते. पुढची जवळजवळ तीन दशके या दोघींनी एकत्र काम केले.

बोर्डीत पहिला धडा मुलांनी शिक्षिकांना दिला. बालवाडी सुरू झाली. पण दलित वस्तीतील मुले तेथे येईनात. दारिद्र्य होते, संकोच होता आणि गावातील भेदभावाचा धाक तर होताच. मुले बालवाडीत येत नसतील तर बालवाडीने मुलांकडे जावे, असे ताराबाईंनी ठरविले. शिक्षिका साहित्य उचलून वस्तीत जाऊ लागल्या. कुणाच्या तरी घरापुढचे अंगण झाडायचे, मुलांचे हातपाय धुवायचे, नखे कापायची, केस विंचरायचे आणि मग गाणी, गोष्टी, खेळ सुरू करायचे, असा क्रम ठरला. आया दारात उभ्या राहून सारे पाहत. ही अंगणवाडी. विकत आणलेल्या साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया, खडे, पाने आणि मातीची भांडी आली. मोजणी शिंपल्यांवर होऊ लागली, रंगांची ओळख पानाफुलांवरून होऊ लागली.

पुढे १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. भोवती वारली पाडे होते. येथे अडचण आणखी निराळी निघाली. पाच-सहा वर्षांचे मूलही तेथे रिकामे नव्हते. मुलगे गुरे राखीत आणि मुली कडेवर धाकटे भावंड घेऊन फिरत. अशा मुलीला एकटीनेच शाळेत यावे असे सांगणे व्यर्थ होते, कारण भावंडाला सोडणार कुठे? म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणारी विकासवाडी आकाराला आली. भावंड पाळण्यात निजले की बहीण पाटीकडे वळू शकत होती. गुराख्यांसाठी तर शाळाच उठून कुरणात गेली. गुरे चरत असताना झाडाखाली शिक्षिका मुलांना शिकवीत. या प्रयोगाला कुरणशाळा हे नाव मिळाले.

अंगणवाडी आणि कुरणशाळा हे दोन्ही प्रयोग आजच्या सहलीच्या प्रश्नाशी थेट जोडलेले आहेत. मुलाला बाहेर नेणे म्हणजे दूरचे प्रेक्षणीय स्थळ दाखविणे, अशी समजूत सर्वत्र रूढ झाली आहे. ताराबाईंच्या कामात बाहेर या शब्दाला वेगळा अर्थ होता. मुलाच्या पायांना झेपेल, हातांना स्पर्श करता येईल आणि ज्याचे नाव घरच्या भाषेत त्याला ठाऊक आहे, असे जग म्हणजे त्यांच्या लेखी बाहेर. या दृष्टीने पाहिले तर सहलीची निवड करण्याच्या कसोट्या त्यांच्या कार्यातूनच हाती लागतात.

पहिली कसोटी अंतराची. चार वर्षांच्या मुलाचा अर्धा दिवस बसच्या खिडकीत आणि ओकारीत जात असेल तर ती सहल मोठ्यांच्या हौसेची ठरते. दुसरी कसोटी कृतीची. तेथे मुलाला काही वेचता, ओतता, मोजता, चढता येणार आहे काय, की केवळ रांगेत उभे राहून पाहायचे आहे? तिसरी कसोटी देखरेखीची. एका बाईच्या नजरेच्या आवाक्यात किती मुले राहू शकतात, एवढ्यावरच संख्या ठरली पाहिजे. चौथी कसोटी विश्वासाची. मूल पालकांनी आपल्या हवाली केले आहे. तेव्हा कुठे जाणार, कधी परतणार आणि बरोबर कोण असणार, हे त्यांना आधी कळलेच पाहिजे. बोर्डीच्या आया दारात उभ्या राहून सारे पाहू शकत होत्या, म्हणूनच त्या मुले सोपवू लागल्या.

या कसोट्या आदिलाबादला लावून पाहता येतील. नेरडिगोंडा मंडलातील कुंटाळा धबधबा हा तेलंगणातील सर्वांत उंच धबधबा म्हणून ओळखला जातो. पावसाळ्यानंतर तेथे गर्दी लोटते. पण खडक निसरडे, डोह खोल आणि तेथे बुडून जीव गेल्याच्या घटनाही घडलेल्या आहेत. आईबापांनी स्वतःच्या मुलाचा हात धरून त्याला तेथे नेणे वेगळे आणि एका ताईने पंधरा परक्या मुलांना नेणे वेगळे. पुष्य अमावास्येला केस्लापूर येथे सुरू होणारी नागोबाची जत्रा हा गोंड समाजाचा मोठा उत्सव आहे. तो मुलांनी पाहिलाच पाहिजे. मात्र आपल्या कुटुंबाच्या सोबतीने, आजीआजोबांच्या खांद्यावरून. पाळणाघराच्या गटाने त्या गर्दीत शिरण्यात शहाणपण नाही. ताईने जत्रेनंतर मुलांकडून तिच्या गोष्टी ऐकाव्यात, मातीत ती जत्रा मांडून घ्यावी; शिक्षण तेवढ्यातही घडते.

उलट कापूस वेचणीच्या दिवसांत गावालगतच्या शेताचा बांध, कुंभाराचे चाक, आठवडी बाजार भरण्यापूर्वीचे निवांत मैदान, टपाल कार्यालय, मोहाच्या झाडाखालचा सडा, या जागांना भाडे पडत नाही. बोंड फोडून कापूस आणि सरकी वेगळी करताना मुलाची बोटे शिकतात. चिकणमाती आणि काळी माती यांतला फरक त्याला तळहातावर कळतो. पण येथेही डोळे उघडे ठेवावे लागतात. नुकतेच औषध फवारलेले शेत, कठडा नसलेली विहीर, उघडे शेततळे आणि दुपारचे ऊन ही सारी जवळचीच संकटे आहेत. म्हणून ताईने आदल्या दिवशी एकटीने ती वाट चालून पाहावी, हे उत्तम.

ताराबाई बोर्डीत पाय रोवीत होत्या त्याच दशकात आदिलाबादच्या जंगलातही एक समांतर प्रयत्न चालू होता. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने १९४३ मध्ये मारलवाई येथे गोंड तरुणांना शिक्षक म्हणून तयार करण्याचे काम सुरू झाले आणि गोंडी भाषेची प्राथमिक पुस्तके देवनागरी लिपीत तयार करण्यात आली. मारलवाई आज नव्या कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आहे. या दोन प्रयत्नांचा एकमेकांशी थेट संबंध नव्हता. तरीही मुलाच्या भाषेपासून आणि त्याच्या वस्तीपासून सुरुवात केली तरच शिक्षण रुजते, हे सत्य कोसबाडप्रमाणे मारलवाईतही उमगले होते.

ताराबाई १९४६ पासून काही वर्षे मुंबई विधानसभेच्या सदस्य होत्या. १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण सन्मान लाभला. त्यांच्या निधनानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेले. ते पाहण्यास ताराबाई नव्हत्या. अनुताईंनी कोसबाडचे काम १९९२ पर्यंत, अखेरच्या श्वासापर्यंत चालविले.

नाव सर्वत्र पोहोचले. त्यामागची रीत मात्र अनेक ठिकाणी मागे राहिली. पोषण आहार, वजनाची नोंद आणि रजिस्टरे यांतच ताईचा दिवस सरतो आणि अंगणवाडी हे नाव असलेल्या खोलीतून मूल अंगणात येतच नाही. दुसऱ्या बाजूला शहरातील खासगी पाळणाघरे पालकांना खूश करण्यासाठी दूरच्या सहली आखतात. या दोहोंच्या मधली वाट बोर्डीत आणि कोसबाडला चालून झालेली आहे. निघताना मुले मोजावी, बरोबर पाणी घ्यावे, मुलांच्या चालीने चालावे, वाटेत एखादे मूल मुंगळ्यांच्या रांगेपाशी थांबले तर सर्वांनी थांबावे आणि परतल्यावर पुन्हा मोजावे. शेतापर्यंत पोहोचणे त्या दिवशी जमले नाही, तर ते दुसऱ्या दिवशी जमेल.