पंडिता रमाबाईंची निरपेक्ष प्रीती

जगात परोपकारी माणसे पुष्कळ आढळतात. परंतु ज्याच्यावर उपकार करावयाचा तो त्यास पात्र आहे की नाही याची आधी चौकशी न करता ज्यांचा हात पुढे होतो, अशी माणसे विरळा. आपण बहुधा आधी तराजू हाती घेतो. मनुष्य आपल्या नात्यातला आहे काय, जातीचा आहे काय, त्याची चालचलणूक बरी आहे काय, केलेल्याची तो जाणीव ठेवील काय, असे नाना प्रश्न मनाशी विचारतो आणि मग दयेचा दरवाजा किंचित उघडतो. ख्रिस्ती शास्त्रात जिला प्रीती म्हटले आहे ती या हिशेबापलीकडची आहे. ती बोलण्यास सोपी, पण आचरण्यास फार कठीण. महाराष्ट्रातील ज्या एका विदुषीने ती प्रथम डोळ्यांनी पाहिली आणि मग आयुष्यभर हातांनी आचरली, त्या पंडिता रमाबाईंचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवावयाचे आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ येथील अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे व्युत्पन्न पंडित होते. स्त्रियांस संस्कृत शिकवू नये असा त्या काळचा दंडक असताही शास्त्रीबुवांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई यांस ती देववाणी शिकविली. त्याबद्दल लोकनिंदा पदरी आली, तेव्हा त्यांनी अरण्यात आश्रम बांधून तेथे वास्तव्य केले. विद्यार्थी व यात्रेकरू यांच्या आदरातिथ्यात संपत्ती सरली आणि कुटुंब तीर्थयात्रेस निघाले. त्या वेळी रमा अवघी सहा महिन्यांची होती. वेताच्या पेटाऱ्यात घालून तिला डोंगरावरून खाली आणण्यात आले. पुढे चालता चालता आईने तिला शिकविले आणि तरुणपणीच भागवताचे सहस्रावधी श्लोक तिला मुखोद्गत झाले.

पुराण सांगून मिळेल त्यावर हे कुटुंब गुजराण करीत असे. १८७० नंतरच्या दशकात दक्षिणेत घोर दुष्काळ पडला. अंगमेहनतीची सवय नाही आणि भीक मागण्यास मन धजत नाही, अशा स्थितीत जवळचे किडूकमिडूक संपले. रानातील पाल्यावर दिवस काढण्याची पाळी आली. अल्प काळातच वडील गेले, आई गेली, थोरली बहीणही गेली. मागे राहिली ती रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास. या दोघा भावंडांनी पायी सुमारे चार हजार मैल प्रवास केला. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडी असह्य झाली असता, अंगावर पांघरूण नसल्यामुळे, त्यांनी वाळूत खड्डे खणून त्यात निजावे आणि केवळ डोके उघडे ठेवून अंगावर कोरडी वाळू ओढून घ्यावी, असे प्रसंग आले. उपाशी माणसाचे दुःख रमाबाई पुस्तकात शिकल्या नाहीत. त्यांनी ते स्वतः भोगिले, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

१८७८ मध्ये ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. विशीतील या मुलीची विद्वत्ता पाहून तेथील पंडितमंडळी थक्क झाली आणि तिला पंडिता व सरस्वती अशा पदव्या देण्यात आल्या. परंतु सौख्य फार काळ टिकावयाचे नव्हते. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी रमाबाईंचा विवाह झाला. जात निराळी व प्रांत निराळा असल्यामुळे तो त्या काळी मोठाच धाडसाचा गणला गेला. १८८१ मध्ये मनोरमा ही कन्या झाली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पतीस पटकीने ओढून नेले. वयाच्या तेविसाव्या वर्षी, कडेवर तान्ही मुलगी घेऊन, रमाबाई एकट्या उरल्या. त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाजाची स्थापना केली आणि शिक्षणाच्या चौकशीकरिता नेमलेल्या हंटर कमिशनपुढे साक्ष देऊन स्त्रियांकरिता स्त्रीशिक्षक व स्त्रीवैद्य निर्माण झाले पाहिजेत असे निर्भीडपणे सांगितले.

१८८३ मध्ये अधिक शिक्षणाकरिता त्या इंग्लंडात गेल्या आणि वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहिल्या. येथेच त्यांच्या आयुष्यास वळण देणारी गोष्ट घडली. मठातील भगिनींनी त्यांस लंडनमधील फुलहम येथे आपले काम पाहण्याकरिता पाठविले. समाजाने ज्यांस पतित म्हणून दूर लोटिले होते अशा स्त्रियांचे ते आश्रयस्थान होते. कुलवान, सुशिक्षित स्त्रिया या पतितांची सेवा करीत होत्या. त्यांच्या वागण्यात तिरस्कार नव्हता. आपण उपकार करीत आहो असा ताठाही नव्हता. रमाबाईंनी सारा हिंदुस्थान पायाखाली घातला होता. तीर्थे व देवालये पाहिली होती, शास्त्रे पढली होती. परंतु जिचे पाऊल घसरले त्या स्त्रीला कोणी जवळ घेतल्याचे त्यांनी कधी पाहिले नव्हते. या भगिनी असे का करितात, असा प्रश्न त्यांच्या मनात उभा राहिला. त्याच्या उत्तरादाखल त्यांस योहानाच्या शुभवर्तमानातील विहिरीपाशी भेटलेल्या शोमरोनी स्त्रीची कथा सांगण्यात आली. जिच्याशी शिष्ट लोक बोलतही नसत अशा त्या परजातीय व बदनाम स्त्रीपाशी प्रभू येशूने पिण्यास पाणी मागितले आणि तिच्याशी धर्माच्या अत्यंत गहन गोष्टी बोलला. ही कथा रमाबाईंच्या अंतःकरणात खोल रुतली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी व लहानग्या मनोरमेने बाप्तिस्मा घेतला.

त्यानंतर चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या कॉलेजात त्या काही काळ राहिल्या. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभास हजर राहण्याकरिता त्या अमेरिकेस गेल्या. तेथे ग्रंथ लिहून व ठिकठिकाणी व्याख्याने देऊन त्यांनी हिंदुस्थानातील बालविधवांची कहाणी लोकांच्या कानी घातली. १८८७ मध्ये बोस्टन येथे त्यांच्या नावाचे सहायक मंडळ स्थापन झाले आणि दहा वर्षे साहाय्य करण्याचे त्याने पत्करिले.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदा सदन उघडले. आरंभी विद्यार्थिनी अवघ्या दोन. त्यांपैकी गोदूबाई या बालविधवा होत्या. त्याच पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. सदनात कोणाच्याही धर्माचरणास प्रतिबंध नव्हता. ज्या मुलीस आपले सोवळेओवळे पाळावयाचे तिची तशी सोय होती. रमाबाई मात्र आपली प्रार्थना आपल्या खोलीत, दार उघडे ठेवून करीत. कोणी येऊन बसल्यास त्या हाकलून देत नसत. पुढे, सदन पुण्यास आल्यानंतर, यावरूनच वादळ उठले. मुलींस बाटविले जाते असा आक्षेप वर्तमानपत्रांतून घेण्यात आला. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारख्या थोर सल्लागारांनी संस्थेशी असलेला संबंध सोडिला आणि कित्येक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या.

या वादात दोन्ही बाजूंस प्रामाणिक माणसे होती. आपल्या मुली आपल्या धर्मापासून दुरावतील अशी पालकांस चिंता वाटावी, यात नवल नाही. रमाबाईंनीही आपली श्रद्धा कधी लपविली नाही. परंतु श्रद्धा उघड ठेवणे निराळे आणि श्रद्धेच्या मोबदल्यात प्रीती देणे निराळे. गोदूबाई ख्रिस्ती झाल्या नाहीत. म्हणून त्यांच्या वाट्याची माया कमी झाली नाही. त्यांनी आपल्या ‘माझे पुराण’ या आत्मचरित्रात त्या सहवासाची आठवण नमूद करून ठेविली आहे. जेथे मोबदला मागितला जातो तेथे प्रीती नव्हे, व्यापार असतो. रमाबाईंच्या दाराशी असा व्यापार नव्हता, याची साक्ष पुढील प्रसंगाने अधिकच पटते.

१८९६-९७ साली मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. ती बातमी ऐकताच रमाबाईंना आपले पूर्वीचे दिवस आठवले. उपाशी आईबाप, पाल्यावर काढलेले दिवस, सारे डोळ्यांपुढे उभे राहिले. हाताशी पैसा नव्हता, पुण्यात प्लेगामुळे सरकारी निर्बंध होते, तरी त्या निघाल्या. दुष्काळी भागांतून त्यांनी सुमारे तीनशे मुली व स्त्रिया आणविल्या. या मुली शारदा सदनातील पहिल्या मुलींसारख्या नव्हत्या. नुसते हाडांचे सापळे, अंगावर जखमा, केसांच्या जटा झालेल्या. भुकेने शरीराबरोबर स्वभावही करपून जातो. ज्यास पुढच्या घासाची खात्री नाही तो कोणावर विश्वास कसा ठेवील? अशांना जवळ घेणे म्हणजे आभाराची अपेक्षा आधीच सोडून देणे होय. रमाबाईंनी त्यांची जात विचारिली नाही, पूर्वीचे आचरण विचारिले नाही. पुण्यात एवढ्यांना ठेवण्याची मनाई झाली, तेव्हा पुण्यापासून सुमारे ३४ मैलांवर केडगाव येथे, फळबागेकरिता घेऊन ठेविलेल्या जमिनीवर त्यांनी तंबू व झोपड्या उभारल्या. शारदा सदनातील थोरल्या मुलींनी नव्या मुलींची निगा आपल्या अंगावर घेतली; ज्या कालपर्यंत स्वतः आश्रित होत्या त्या आज दुसऱ्यांच्या आया झाल्या.

केडगावच्या या संस्थेस मुक्ती सदन हे नाव मिळाले. १९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला, तेव्हा तेथूनही शेकडो मुली आल्या आणि आश्रमवासीयांची संख्या दीड हजारांहून अधिक झाली. त्यात निरनिराळी दालने निघाली. वृद्ध व अपंग स्त्रियांकरिता प्रीतिसदन होते. अंध मुलींनाही आश्रमात जागा होती. त्यांस मनोरमाबाईंनी बोटांनी वाचावयाची ब्रेल लिपी शिकविली. आणि ज्यांस समाज पतित म्हणतो त्या स्त्रियांकरिता कृपासदन उघडले. फुलहम येथे जे बीज अंतःकरणात पडले होते त्याचे झाड केडगावच्या माळरानावर असे वाढले.

येथे एका गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. निरपेक्ष प्रीती म्हणजे लाड नव्हे. मुक्ती सदनात कोणी आळसात बसत नसे. लिहिणेवाचणे तर होतेच. शिवाय शेती, विणकाम, दूधदुभते, छापखाना अशी कामे मुली शिकत आणि करीत. दाराशी अट नव्हती. आत मात्र शिस्त होती. पुष्कळदा आपण याच्या उलट करितो. आत घेताना शंभर अटी घालतो आणि एकदा आत घेतल्यावर कोणाच्या भल्याबुऱ्याची वास्तपुस्त ठेवीत नाही. रमाबाईंनी आधी मनुष्यास जवळ केले आणि मग त्यास उभे राहण्यास शिकविले. उलट क्रमाने हे काम साधत नाही, कारण ज्यास आपण कोणाचे तरी आहो असे वाटत नाही, तो शिस्त सोसणार कोणाकरिता?

आयुष्याची शेवटची सुमारे अठरा वर्षे रमाबाईंनी पवित्र शास्त्राचे मूळ इब्री व ग्रीक भाषांतून सोप्या मराठीत भाषांतर करण्यात घालविली. खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रीसही ते समजावे, हा त्यांचा हेतू होता. ज्या बाईने कलकत्त्याच्या पंडितांना संस्कृताने थक्क केले तिने आपली सारी विद्या अडाणी बाईच्या पायाशी आणून ठेविली. हीही प्रीतीच. १९१९ साली सरकारने त्यांस कैसर-ई-हिंद पदक दिले. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई आईच्या आधी देवाघरी गेल्या. वार्धक्याचा हा एकुलता एक आधार तुटला असताही रमाबाईंनी भाषांतराचे काम हातावेगळे केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी इहलोक सोडिला. केडगाव येथे त्यांचे काम आजही चालू आहे.

विद्यार्थी मित्रहो, आपणांपैकी प्रत्येकास दुष्काळात धावून जाण्याचा प्रसंग येईलच असे नाही. परंतु प्रत्येक वर्गात असा एखादा मुलगा वा मुलगी असते, जिच्याशेजारी बसण्यास कोणी राजी नसते. कोणी अभ्यासात मागे, कोणाचे कपडे मळके, कोणाच्या घरची वार्ता गावभर झालेली. त्याच्याशी आपण कसे वागतो यावरून आपल्या धर्माची परीक्षा होते. पाठ केलेल्या वचनांवरून नव्हे. ज्याच्याकडून परतफेड होईल त्यास मदत करण्यास धर्म लागत नाही, नुसता व्यवहार पुरतो.

पालकांसही एक नम्र विनंती आहे. मूल नापास झाले, चुकले, घराण्यास कमीपणा आला असे वाटले, तर त्यास शिक्षा अवश्य करावी, पण घराचा दरवाजा लावू नये. मूल पहिल्या नंबराने आले तरच ते आपले, हा हिशेब त्याच्या मनात एकदा रुजला म्हणजे पुढे तेही जगाकडे त्याच तराजूने पाहू लागते. रमाबाईंच्या चरित्रातून एवढा एक धडा आपण घेतला, की आधी जवळ करावे आणि मग सुधारावे, तर हे चरित्र वाचल्याचे सार्थक होईल.