बाळू पालवणकर : कॅप्टन न झालेला चॅम्पियन

खेळ आणि हक्कांची लढाई म्हटलं की आपल्याला लगेच मुहम्मद अली आठवतो. पण अलीच्या कितीतरी आधी आपल्या महाराष्ट्रात एक खेळाडू ही लढाई खेळला होता. कॉन्व्हेंटमध्ये दहा वर्षं काढूनही मला त्याचं नाव माहीत नव्हतं.

बाळू पालवणकर यांचा जन्म १८७६ साली धारवाडला, चर्मकार कुटुंबात झाला. पुण्यातल्या गोऱ्यांच्या क्लबात ते महिना चार रुपयांवर पिच रोल करायचे, नेट लावायचे. साहेबांना प्रॅक्टिस हवी म्हणून बॉलिंग करायचे, आणि त्यातूनच एक जबरदस्त डावखुरा स्पिनर तयार झाला! हिंदू संघाला विकेट्स हव्या होत्या, म्हणून त्यांना घेतलं. पण चहाच्या वेळी ते पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या भांड्यात चहा घेत. बॉल एकच, पण कप वेगळा!

१९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियनांना हरवलं, त्यात बाळूंचा मोठा वाटा होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ विकेट्स घेतल्या. तरुण आंबेडकरांनाही त्यांचा अभिमान वाटायचा. तरीही कॅप्टनपद त्यांना कधीच मिळालं नाही. ते मिळालं धाकट्या भावाला, विठ्ठलला, १९२३ मध्ये. आणि संघ जिंकला!

पुढची गोष्ट मात्र सरळ नाही. १९३२ च्या पुणे कराराच्या वेळी बाळू गांधीजींच्या बाजूने होते. १९३७ च्या निवडणुकीत ते काँग्रेसतर्फे चक्क बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि सुमारे दोन हजार मतांनी हरले. मला वाटतं, म्हणूनच त्यांना कुणीच पूर्णपणे आपलं म्हटलं नाही. १९५५ मध्ये त्यांचं निधन झालं.

आपलं पैठण नाथांचं गाव. गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात रडणारं अस्पृश्याचं पोर नाथांनी कडेवर घेतलं, ही गोष्ट इथं लहान मुलंही सांगतात. त्यानंतर तीनशे वर्षांनी बाळूंचा कप वेगळाच होता, हे विसरून कसं चालेल?

होस्टेलवर मेरिटवरून वाद रात्री दोनपर्यंत रंगतात. पुढच्या वेळी वाद घालताना एवढंच आठवा : ११४ विकेट्स हे मेरिट नव्हतं का? मग कॅप्टनपद का नाही मिळालं?

अशा या चॅम्पियनला आपला सलाम!